पुनावळ्यातील सदनिका गुंतवणूक म्हणून घ्यावी का? कोणती आकडेवारी पाहावी?

मंदार_नाशिक:
पिंपरी-चिंचवडमधील पुनावळे येथे बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात दोन बेडरूमची सदनिका केवळ गुंतवणूक म्हणून घेण्याचा माझा विचार आहे. करारनाम्याची किंमत ८५ लाख रुपये आणि ताबा २०२८ मध्ये, असे सांगण्यात आले आहे. एजंटने परिसरातील दरांचा पाच वर्षांचा चढता आलेख पाठविला असून १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे दर वाढल्याचाही दाखला दिला आहे. मी नाशिकला राहत असल्यामुळे तेथे वारंवार जाऊन चौकशी करणे शक्य नाही. एवढ्या माहितीवर निर्णय घेता येईल का, की सामान्य माणसाला घरबसल्या याहून विश्वासार्ह आकडे पाहता येतात?

वैशाली_चिंचवड:
मंदारजी, असे आलेख बहुतेक वेळा जाहिरातींतील मागणीच्या दरांवरून काढलेले असतात. विक्रेत्याने किती मागितले एवढेच त्यातून कळते. व्यवहार कितीला झाला ते कळत नाही. ते पाहायचे असल्यास नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत शुल्क न भरता सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) शोधता येते. प्रकल्पाचा सर्व्हे क्रमांक महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) पानावर मिळतो. तो, गावाचे नाव आणि वर्ष भरले की नोंदलेल्या दस्तांची यादी येते. मोबदला (दस्तातील किंमत), क्षेत्रफळ, दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख हे चार रकाने उतरवून घ्यावेत. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असल्यास चौरस फुटांसाठी १०.७६४ ने गुणावे आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून) हे तपासल्याखेरीज दरांची तुलना करू नये, कारण एजंटच्या कागदावरील क्षेत्रफळ पुष्कळदा निराळ्याच मापाचे असते.

दोन तारखा पाहण्याचे कारण असे, की दस्त झाल्यापासून चार महिन्यांत नोंदविता येतो, म्हणजे नोंदणीचा महिना भाव ठरल्याचा असेलच असे नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढील तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केले होते, तेव्हा नोंदण्यांचा ओघ वाढला होता. त्यामुळे त्या काळाशी केलेली कोणतीही तुलना, मग ती वाढ दाखवो वा घट, मी तरी विचारात घेत नाही.

रेडी रेकनर हा शुल्क आकारण्यासाठी शासनाने ठरविलेला किमान मूल्याचा तक्ता आहे. २०२५ आधीची सलग दोन वर्षे तो बदलला नव्हता आणि २०२५ मध्ये राज्यभराची सरासरी वाढ ३.८९ टक्के झाली. यावरून आपल्या सदनिकेला पुढे काय भाव येईल, हे ठरविता येत नाही.

हिशेबनीस:
वैशालीताईंनी सांगितलेल्या ई-सर्चमध्ये लिव्ह अँड लायसन्सचे (भाड्याचे) नोंदणीकृत करारही सापडतात, आणि गुंतवणूकदाराने प्रथम तेच पाहावेत असे माझे मत आहे. समजा, भाडे दरमहा २२,००० रुपये मिळाले, तर वर्षाचे २.६४ लाख होतात. सोसायटीची वर्गणी ४२,०००, मिळकत कर सुमारे १०,००० आणि वर्षातून एक महिना घर रिकामे, असे धरले की हाती १.९० लाख उरतात. खर्चाच्या बाजूला ८५ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३०,००० रुपये नोंदणी फी आणि ५ टक्के जीएसटी मिळविले की एकूण ९५.५० लाख होतात. म्हणजे परतावा दोन टक्क्यांच्याही किंचित खाली. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे शून्यच.

पश्चिम_पुणे:
हिशेबनीस यांचे गणित बरोबर आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला एकांगी वाटतो. या भागात घर घेणारे भाड्यासाठी घेत नाहीत. हिंजवडीच्या नोकऱ्या, महामार्गाची जवळीक आणि वाढते नागरीकरण यांमुळे किंमत वाढेल म्हणून घेतात. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या रेसिडेक्स निर्देशांकात पुण्याची तिमाही आकडेवारी मिळते, ती पाहावी.

वैशाली_चिंचवड:
रेसिडेक्स उपयुक्त आहे, परंतु तो संपूर्ण शहराचा कल सांगतो; त्यातील एक मालिका कर्ज देणाऱ्या संस्थांच्या मूल्यांकनावर आणि दुसरी बांधकामाधीन घरांच्या सांगितलेल्या दरांवर आधारलेली आहे. किंमतवाढीवरच भिस्त ठेवायची असेल, तर पुरवठा मोजणे अपरिहार्य ठरते. महारेरावर प्रत्येक प्रकल्पातील एकूण सदनिका, बुक झालेल्या सदनिका, पूर्णत्वाची मूळ व सुधारित तारीख आणि चालू दावे दिसतात. आजूबाजूच्या प्रकल्पांतील न विकलेल्या सदनिकांची बेरीज करावी आणि त्यांपैकी किती प्रकल्पांचा ताबा २०२७ ते २०२९ दरम्यान आहे, हे पाहावे. ती सर्व घरे एकाच वेळी भाडेकरू शोधू लागतील. आणि आपण विकायला निघालात तेव्हा शेजारी विकासकच कोरी सदनिका सवलतीत देत असेल, तर खरेदीदार आपल्याकडे कशासाठी येईल?

मंदार_नाशिक:
सर्वांचे आभार. ताबा मिळालेल्या सात-आठ वर्षांच्या इमारतीतील पुनर्विक्रीची सदनिका घेतल्यास हे चित्र कितपत बदलते?

हिशेबनीस:
बरेच बदलते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही, भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होऊ शकते आणि त्याच इमारतीतील खरेदीखते व भाडेकरार उपलब्ध असल्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. मात्र पुनर्विक्रीत काही रक्कम रोखीने देण्याची प्रथा पूर्णपणे गेलेली नाही. सूचीतील मोबदला रेडी रेकनरच्या मूल्याला अगदी चिकटून दिसला, तर रोखीचा भाग त्यात दाखविलेला नसू शकतो; तो आकडा तुलनेसाठी धरू नये, आणि आपणही तशा व्यवहाराला होकार देऊ नये. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे हस्तांतरण) झाले आहे का, ते सचिवांकडून लेखी घ्यावे. झाले नसेल, तर किंमत ठरविताना ते बोलून दाखवावे.