सल्ला हवा: ओएफडीएममध्ये स्प्रेडिंगसाठी हडामार्ड घेऊ की डीएफटी?

पंचगंगाकाठ: नमस्कार मंडळी. एमटेकचा प्रोजेक्ट आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून सेन्सरचा डेटा वायरलेसनं आणायचाय. सगळीकडं लोखंड, सिग्नल चारी बाजूंनी आपटून येतो. ओएफडीएम घेतलंय, म्हणजे डेटा अनेक बारीक फ्रिक्वेन्सींवर (सबकॅरियर) वाटून पाठवायचा. सध्या ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन चालू आहे: ६४ सबकॅरियर, क्यूपीएसके (एका सिंबलमध्ये दोन बिट), चार टॅपचं (सिग्नलच्या वेगवेगळ्या उशिरानं येणाऱ्या चार प्रतींचं) रेले फेडिंग चॅनेल, चुका दुरुस्त करणारं कोडिंग नाही. एखादा सबकॅरियर फेडिंगमध्ये बुडाला, म्हणजे तिथं सिग्नल अगदी क्षीण झाला, की त्यावरचं सिंबल गेलंच. सर म्हणाले, स्प्रेडिंग लावून बघ, म्हणजे एका मॅट्रिक्सनं गुणून प्रत्येक सिंबल अनेक सबकॅरियरवर पसरव. वॉल्श-हडामार्ड लावलं, तर बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) साध्या ओएफडीएमपेक्षा वाईट! कुठलं मॅट्रिक्स घेऊ?

रंकाळा_आरएफ: भावा, मॅट्रिक्सचं नंतर बघू. चॅनेलचा परिणाम काढणारा इक्वलायझर कुठला लावलास? झिरो-फोर्सिंग?

पंचगंगाकाठ: होय, तेच.

रंकाळा_आरएफ: मग तिथंच पाणी मुरतंय. बुडालेल्या सबकॅरियरला ते जवळजवळ शून्यानं भागतं, नॉइज फुगतो. साध्या ओएफडीएममध्ये त्याचा फटका एकाच सिंबलला बसतो, पण डीस्प्रेडिंग (पसरलेलं परत गोळा) केलंस की गटातले सगळेच भिजतात. नॉइजचाही हिशेब धरणारा एमएमएसई इक्वलायझर लाव.
आणि गट कसे पाडलेस? शेजारशेजारचे सबकॅरियर एकदमच बुडतात. ०, १६, ३२, ४८ असा गट घे. चारही टॅप स्वतंत्र आणि सारख्या पॉवरचे असतील तर या चौघांचं फेडिंग एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतं. गट आणखी मोठा केलास तरी डायव्हर्सिटी (एका सिंबलला मिळणाऱ्या स्वतंत्र वाटा) चारच्या वर जाणार नाही.

फेजर: हडामार्डची एक खोड सांगतो. दोन सबकॅरियर, बीपीएसके (एका सिंबलमध्ये एकच बिट, +१ किंवा -१). दोन्ही बिट एकदम चुकले तर सिंबलमधला फरक (२, २). हडामार्डनंतर एका सबकॅरियरवर सगळा फरक, दुसऱ्यावर शून्य. पहिला बुडाला की खेळ खल्लास. म्हणून स्प्रेडिंगआधी प्रत्येक सिंबलची फेज वेगवेगळी फिरवतात. एमएमएसईत याचा फायदा दिसत नाही, सगळे पर्याय तपासून सर्वात संभाव्य निवडणाऱ्या एमएल डिटेक्टरला दिसतो. चारच्या गटात क्यूपीएसकेचे २५६ पर्याय, एवढं सहज जमतं.
सेन्सर बॅटरीवर असेल तर मात्र पूर्ण ६४वर एकच डीएफटी घे. पीएपीआर (सरासरीच्या तुलनेत पॉवरचं शिखर) उतरतो, एलटीईच्या (४जी) अपलिंकला, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडं, म्हणूनच डीएफटी वापरलाय.

जुना_टेलिकॉमवाला: ही सगळी हौस कोडिंग नाही म्हणून! अर्ध्या रेटचा कन्व्होल्युशनल कोड (एका बिटाचे दोन करून चुका दुरुस्त करणारा) आणि बिटांचा क्रम विखुरणारा इंटरलीव्हर टाका, स्प्रेडिंगचा बराचसा फायदा तिथंच मिळतो.

फेजर: काका, डेटा रेट निम्मा होतो की. स्प्रेडिंगला तो भुर्दंड नाही.

पंचगंगाकाठ: एमएमएसई आणि नवे गट लावले. ग्राफ लगेच खाली आला, नाद खुळा! प्रत्यक्षात बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ धरलीय, चालेल ना?

रंकाळा_आरएफ: इथं घात होईल. १ मेगाहर्ट्झला एक टॅप म्हणजे १ मायक्रोसेकंद, म्हणजे ३०० मीटर वाटेचा फरक. तुझ्या शेडमधले बहुतेक रिफ्लेक्शन एकाच टॅपमध्ये येणार, ६४ सबकॅरियर एकदम बुडणार आणि कुठलंही स्प्रेडिंग वाचवणार नाही. २.४ गिगाहर्ट्झला २० मेगाहर्ट्झ घे, तिथं टॅप १५ मीटरचा पडतो. तेवढी बँडविड्थ परवडत नसेल तर रिसीव्हरला दुसरा अँटेना बसव.