आधी हार्नेस बघा, गेम नंतर

वेंगुर्ल्यात जत्रेवाल्याकडून घेतलेल्या जुन्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या) मशीनला कुठला गेम चालेल, असं तुम्ही विचारलंय. दादा, गेमच्या नावावरून ते ठरत नाही. मागचं दार उघडा. हार्नेस म्हणजे गेमचा सर्किट बोर्ड मशीनला जोडणारं वायरींचं जुडगं; त्याच्या कनेक्टरला दोन्ही बाजूंना 28-28, म्हणजे 56 पिना दिसल्या तर बहुधा जाम्मा, म्हणजे बोर्ड जोडायची ठरलेली जपानी पद्धत. हे स्टँडर्ड 1985 चं, त्यानंतरचे बरेच जपानी बोर्ड सरळ बसतात. जुन्यांना अडॅप्टर लागतो. ‘स्ट्रीट फायटर 2’ घेतलात तर किकच्या तीन बटणांची वायर वेगळी ओढा, कारण जाम्मात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं धरलेली आहेत. बोर्ड लावण्याआधी कनेक्टरवर मीटरने 5 व्होल्ट मोजाच. बोर्ड उलटा बसला तर जळू शकतो.

आपल्याकडे खरा शत्रू खारी हवा. बोर्डाच्या कडेचे पट्टे काळपट-हिरवे पडतात आणि चांगला बोर्ड मेला असं वाटतं. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, मुलामा निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरे.

पिक्चर ट्यूब मात्र कृपा करून भंगारात देऊ नका, तशी परत मिळणं फार कठीण. सावंतवाडी-कुडाळकडे जुने टीव्ही दुरुस्त करणारा कोणी गाठा. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये करंट राहतो, स्वतः हात घालू नका.