लष्कराच्या कुंपणाआड पुरातन ठेवा सुरक्षित असतो का?

धागाकर्ता: माझ्या मते असतो, आणि बऱ्याचदा बाहेरच्यापेक्षा जास्त. इंग्लंडमधलं सॅलिसबरी प्लेन बघा. शंभराहून अधिक वर्षं ही जमीन सैन्याच्या सरावाला दिलेली आहे. बाहेरच्या शेतांत नांगराने जुनी दफनटेकाडं सपाट केली. आत खोल नांगरट झालीच नाही, म्हणून ती टिकली. तिथल्याच बॅरो क्लंप या दफनटेकाडात बॅजर (बिळं करून राहणारे प्राणी) बिळं उकरून इंग्लंडमधल्या जुन्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या थडग्यांतली हाडं बाहेर काढत होते. तिथे उत्खनन केलं ते अफगाणिस्तानातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी, पुरातत्त्वज्ञांच्या सोबतीने.

प्रतिसाद १: आणि इराकमधलं प्राचीन शहर बाबिलोन? २००३ मध्ये परदेशी फौजांनी थेट अवशेषांवरच तळ ठोकला. खंदक खणले. खापरं आणि विटांचे तुकडे असलेली तिथलीच माती गोण्यांत भरली, वर बाहेरून आणलेली खडी पसरली. फुटलेलं भांडं जोडता येतं, पण मातीचे थर एकदा कालवले की कोणती वस्तू कोणत्या काळातली हे सांगायचं कशाच्या आधारावर?

धागाकर्ता: तो युद्धातला तळ होता. मी कायमच्या तळांबद्दल बोलतोय. अमेरिकेत १९६६ च्या वारसा जतन कायद्याचं कलम १०६ लष्करालाही लागू आहे. काम सुरू करण्याआधी ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल हे तपासावंच लागतं.

प्रतिसाद २: तपासावं लागतं, थांबावं लागत नाही! कलम १०६ सल्लामसलत करायला लावतं, नकाराचा अधिकार कुणालाच देत नाही. हवाईचं कहोओलावे बेट घ्या. अमेरिकी सैन्य १९४१ पासून त्याचा बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापर करत होतं. १९८१ मध्ये अख्खं बेट ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं, तरी बॉम्बफेक थांबली १९९० मध्ये. तीही मूळ हवाईयन लोकांनी बंदी मोडून बेटावर पाय ठेवला, अटक पत्करली, वर्षानुवर्षं लढा दिला म्हणून.

धागाकर्ता: कहोओलावेचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून सगळ्या तळांना एकाच मापाने मोजू नका. जिथे तळावर पूर्णवेळ पुरातत्त्वज्ञ असतो आणि सरावाच्या नकाशावर स्थळं आधीच वगळलेली असतात, तिथे नुकसान टळतं.

प्रतिसाद २: मग तो नकाशा आखताना ज्यांचे पूर्वज तिथे पुरलेत त्यांनाही बसवा. स्थळांचे नेमके पत्ते चोरट्यांपासून लपवावेत, हे मलाही पटतं. वंशजांपासून लपवायचं कारण काय?