ग्राफिक्स कार्ड झुकलंय, घरीच टेकू बनवायचाय पण टोकाखाली टेकवायला जागाच नाही

मंडळी, जरा मदत हवी आहे. नवीन कार्ड बसवून दोनेक महिने झालेत, तीन पंख्यांचं आहे, ३२ सेंमी लांब, बसवायच्या आधी काट्यावर ठेवलं होतं तर पावणेदोन किलो भरलं. परवा धूळ पुसायला कॉम्प्युटरच्या केसची (बाहेरच्या डब्याची) काच काढली आणि बघतो तर काचेकडचा पुढचा कोपरा चांगलाच खाली आलेला. पट्टी लावून तळापासून मोजलं, मागचा कोपरा आणि पुढचा कोपरा यात ६ मिमीचा फरक!

सध्या सगळं नीट चालतंय, गेम पण चालतात, पण मला भीती आहे ती स्लॉटच्या, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्या, खटक्याजवळची. तिथे कार्डाला जो आकड्यासारखा भाग असतो ना, सगळा ताण त्याच कोपऱ्यात येतो आणि कार्डाच्या बोर्डाला केसासारखी चीर पडते, मग आतल्या थरांतल्या वीज वाहणाऱ्या रेघा तुटल्या की कार्ड संपलंच समजा. खूप दिवस पैसे साठवून घेतलंय हो, म्हणून जीव लागून राहिलाय.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. मशीन बंद करून, वायर काढून, केस आडवी झोपवली म्हणजे कार्ड उभं राहिलं, मग मागचे दोन्ही स्क्रू सैल केले, कार्ड स्लॉटमधे नीट दाबलं आणि तसंच धरून स्क्रू परत आवळले. एवढ्यानेच ६ चे ४ मिमी झाले, त्यामुळे ज्यांचं कार्ड थोडंसंच झुकलंय त्यांनी आधी हेच करून बघा.

आता उरलेल्या ४ मिमीसाठी टेकू हवाय आणि खरी अडचण इथेच आहे. पॉवर सप्लायवरचं झाकण कार्डाच्या जेमतेम निम्म्यापर्यंत येतं, त्यापुढे खाली हवा आत घेणारे दोन पंखे आहेत, म्हणजे ज्या कोपऱ्याला आधार पाहिजे नेमका त्याच्याच खाली पंखा फिरतोय. झाकणावर पुठ्ठ्याची जाड घडी घालून मधे आधार देऊन बघितला, दोन दिवसांत घडी दबली आणि कार्ड परत होतं तिथे.

डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे झाकणापासून पुढच्या फ्रेमपर्यंत लाकडी पट्टी पुलासारखी टाकायची आणि तिच्यात नट बसवून ६ मिमीचा बोल्ट खालून वर आणायचा. याचे आटे १ मिमीचे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की टेकू बरोब्बर १ मिमी वर, जॅकसारखं हळूहळू उचलता येईल. बोल्टच्या वरच्या टोकावर रबराची चकती चिकटवणार आणि ती कार्डाच्या प्लॅस्टिकच्या कडेलाच टेकवणार, पंख्याला किंवा उघड्या बोर्डाला अजिबात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या फ्रेमला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधून टोक लटकवायचं. दिसायला एकदम साफ, खालची हवा पण मोकळी, पण नायलॉन सततच्या ओझ्याने ताणत जातं आणि कार्डाची गरम हवा वरच येणार, सहा महिन्यांनी परत झुकलं तर काय फायदा? धातूची तार मी तिथे बांधणार नाही, निसटून बोर्डावर पडली तर शॉर्ट.

तर विचारायचं हे की पूर्ण सरळ होईपर्यंत उचलायचं का १ मिमी बाकी ठेवायचं? बोटाने उचललं तेव्हा स्लॉटमधून बारीक कट् असा आवाज आला आणि मी लगेच सोडून दिलं, जास्त उचललं तर उलटा ताण येईल असं वाटतंय. आणि त्या पट्टीसाठी लाकूड बरं का अॅक्रिलिक? पंख्यांच्या थरथरीने नट सैल होत असेल तर खालून दुसरा नट आवळून लॉक करता येईल, पण कोणी खरंच असं करून वर्षभर वापरलंय का, ते ऐकायला जास्त आवडेल.

फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो, आत्ता काचेतून नीट दिसत नाहीये.