मेळघाट ‘मोकळा’ करायचा, पण कोणासाठी?

गाविलगड उतार
कालच्या पोस्टखालीच उत्तर लिहायला घेतलं होतं. लांबलं, म्हणून वेगळा धागा. पोस्टचा सारांश असा: मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात, म्हणजे वाघासाठी राखलेल्या आतल्या भागात, उरलेली कोरकू आदिवासींची गावं लवकर उठवा, पैसे मिळतातच ना, चिखलदऱ्याचा घाट रुंद करा, स्कायवॉक होऊ द्या, म्हणजे नागपूरकराला शनिवार-रविवारी महाबळेश्वर शोधावं लागणार नाही.

एकाच पोस्टीत जंगल रिकामंही करायचं आणि भरायचंही. वा.

आधी इतिहास. ही गावं जंगलात ‘घुसलेली’ नाहीत. जंगल राखीव झालं तेव्हा इंग्रजांच्या वनखात्यानं कोरकूंची फिरती शेती बंद केली. मग जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) काढायला, कूप (तोडीला नेमलेला जंगलाचा तुकडा) तोडायला, साग ओढायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा त्याच लोकांची वनग्रामं वसवली. मजुरी करायची, त्या बदल्यात तात्पुरत्या पट्ट्यावर नांगर चालवायचा. सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही. 1974 ला व्याघ्र प्रकल्प आला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. आज एकूण 2,768 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 1,500. ज्यांनी जाळरेषा राखल्या तेच नकाशावर ‘अतिक्रमण’ ठरले.

आता पैशाचं. 2008 पासून कुटुंबामागे 10 लाख, 2021 पासून 15. रोख घ्या, नाहीतर वनखात्याकडून जमीन-घर घ्या. दुसऱ्या पर्यायाची वाटणी 10 लाखांच्या काळात अशी होती: 2 हेक्टर शेती खरेदी व सुधारणा 35 टक्के, हक्कांची भरपाई 30, घर आणि जागा 20, गावाच्या सोयी 10, प्रोत्साहन 5. म्हणजे जमिनीला साडेतीन लाख. 2 हेक्टर म्हणजे पाच एकर. एकरी 70 हजार. अकोट-तेल्हाऱ्याकडं या भावात काळी, ओलिताची जमीन कोण देते, त्याचा पत्ता द्या. मिळते ती मुरमाड, नाहीतर वनजमीनच निर्वनीकरण करून, म्हणजे वनाच्या यादीतून काढून द्यावी लागते, आणि त्याला 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी. वाघासाठी एक जंगल रिकामं करायला दुसरं तोडायचं.

रानगवा
भावनेला हात घालायचं काम छान केलं. आता वाघीण काय मागते तेही लिहा. पिल्लं देणाऱ्या वीसेक माद्या टिकायच्या तर 800 ते 1,200 चौरस किलोमीटर निर्मनुष्य क्षेत्र लागतं, व्याघ्र प्रकल्पाचं नियोजन याच हिशेबावर आहे. गाभ्यात पन्नास घरांचं एक गाव म्हणजे पन्नास घरं नव्हेत. त्याची गुरं, गुरांचा पाणवठा, मोहाखाली झाडलोट म्हणून लावलेली आग, आणि गुरांमागून हरणांत येणारे रोग, सगळं मिळून मोजायचं.

बोरी, कोहा, कुंड ही गाभ्यातली गावं 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हलली. त्या जागी आज कुरणं आहेत आणि सांबर-गवा उघड्यावर चरतो. हे कोणी नाकारतं का?

गाविलगड उतार
नाकारत नाही. पण ‘गाव उठलं की कुरण झालं’ हे बोलायला सोपं आहे.

रानगवा
सोपं कोण म्हणालं? सोडलेल्या शेतात पहिल्या पावसाळ्यात तरोटा आणि रानतुळस माजते, गवत नाही. ती बी धरायच्या आत मुळासकट उपटावी लागते. विळ्यानं कापली की खालून फुटते आणि पुढच्या वर्षी दुप्पट. घाणेरी असेल तर बुंधा जमिनीखाली, फुटव्याच्या जागेखाली तोडून झाड उलटं टाकायचं. हे ओळीनं तीन-चार वर्षं, एकही हंगाम न चुकवता. मग पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं जम धरतात. मध्ये एक वर्ष निधी अडला की सगळं पाण्यात. आणि नुसती आग लावून भागवलं तर कुसळी गवत पुढं येतं, जे निबर झालं की कोणी तोंड लावत नाही.

मोहफूल
@रानगवा, आणि हे उपटायला मजूर कुठून येतात? मेळघाटातल्याच सेमाडोह-हरिसालकडून ना? म्हणजे माणूस रोजंदारीवर चालतो, घरासकट चालत नाही.

रानगवा
टोमणा पोचला. मजुरी मिळते, ती काय वाईट आहे?

धंतोली चौक
ज्यांच्या पोस्टवर एवढा गदारोळ चालला तो मीच. मी ‘कोरकूंना हाकला’ म्हटलं नाही, ‘ऐच्छिक पुनर्वसन’ म्हटलं. पर्यटनाला शिव्या घालणं फॅशन झाली आहे. 2012 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं गाभ्यातलं पर्यटन बंद केलं, ऑक्टोबरात उठवलं, आणि मार्गदर्शक सूचनांनी गाभ्याच्या 20 टक्क्यांची मर्यादा घातली. गाभ्यात नवीन बांधकाम नाही. अजून काय पाहिजे? जिप्सीवाला, गाईड, डबेवाली बाई, सगळे स्थानिक. गेट बंद करा, मग हेच लोक पुण्याला ऊसतोडीला जातील.

आणि तुम्ही जंगलातल्यांच्या हक्काचं बोलता, तर नागपूर जिल्ह्यात झुडपी जंगलाच्या नावानं शाळा, स्मशान, पाण्याच्या टाक्या अडल्या त्याचं काय? झाड एक नाही, कागदावर जंगल. तिथं कोणी धागा काढत नाही.

मोहफूल
‘ऐच्छिक’ वर दोन ओळी. वन्यजीव कायद्याचं कलम 38व्ही आणि वनहक्क कायद्याचं (जंगलात राहणाऱ्यांचे जमीन-जंगलावरचे हक्क मान्य करणारा) कलम 4(2), दोन्ही 2006 च्या तरतुदी, दोन्ही सांगतात की आधी हक्क मान्य करून नोंदवा, मग ग्रामसभेची संमती घ्या. होतं उलट. संमतीचा ठराव आधी, दाव्यांची फाईल उपविभागीय समितीत धूळ खात. वरच्या वाटणीतले ते ‘हक्कांची भरपाई 30 टक्के’ आठवा. जो हक्क नोंदलाच नाही त्याची किंमत लावून मोकळे.

कुटुंबाची व्याख्याही पाहा. 18 वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो-नसो, वेगळं कुटुंब. मुलगी 18 ची झाली तरी अविवाहित असली तरच. विधवा, घटस्फोटिता, अपंग, अनाथ अल्पवयीन हे वेगळे. सगळा खेळ यादीच्या तारखेवर. त्या दिवशी साडेसतराचा पोरगा यादीबाहेर, आणि गाव हलेस्तोवर त्याला दोन लेकरं.

2019 च्या जानेवारीत केलपाणी-गुल्लरघाटाकडं उठवलेले लोक परत जंगलात शिरले आणि वनकर्मचाऱ्यांशी भिडले. ते काय हवा पालटायला आले होते?

पटवारी बे
झुडपीचा विषय निघालाच आहे तर @धंतोली चौक भाऊ, अर्धवट सांगून राहिले तुम्ही. झुडपी म्हणजे मालगुजारीतली (जुन्या जमीनदारी पद्धतीतली) चराईची, झुडपांची पडीक जमीन. पूर्व विदर्भाचे सहा जिल्हे, 86 हजार हेक्टरच्या वर. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालात ती वनजमीनच ठरली. त्यात सूट आहे ती 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं वाटलेल्या जमिनीला. तीही आपोआप नाही, राज्यानं केंद्राकडं प्रस्ताव पाठवायचा. त्या प्रस्तावांना भरपाई वनीकरण आणि एनपीव्ही (जंगल गेल्याबद्दल भरायची रक्कम) माफ. तुमची शाळा, स्मशान यातच बसते. काहून रडता?

धंतोली चौक
आणि 3 हेक्टरच्या आतले तुकडे? ते तर मोकळे झाले.

पटवारी बे
कोण म्हणते? जंगलाला लागून नसलेले, वाटप न झालेले ते तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचा विचार करा, असं राज्याला सांगितलं. मोकळे नाही, उलटे बांधले. हा मेसेज प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. नागपूरच्या बेसा-हुडकेश्वरकडं प्लॉट घेणाऱ्यानं आधी जुन्या मिसलीत (जमिनीच्या जुन्या नोंदीत) ‘झुडपी’ शेरा पाहावा. आजच्या सातबाऱ्यावर तो दिसेलच असं नाही.

धंतोली चौक
म्हणजे प्लॉटवाला म्हणायचं आहे का मला? नीट बोला.

पटवारी बे
तुम्हीच ओढून घेतलं. मी ग्रुप म्हटलं.

रानगवा
मेळघाटचा धागा होता हो हा.

मोहफूल
मेळघाट वऱ्हाडात, आणि वऱ्हाडात झुडपी नाहीच. वऱ्हाड रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा), मालगुजारी मध्यप्रांतातली. म्हणून नागपूर-चंद्रपूरचा अनुभव घेऊन मेळघाटात वनहक्काचे दावे भरायला जाणारे आपटतात. निस्तारपत्रक (गावाचे चराई-सरपणाचे हक्क लिहिलेला कागद) शोधत बसतात. इथं दावा वेगळ्या कागदांवर उभा राहतो: वनखात्याच्या जुन्या कार्ययोजना, चराई पासाच्या पावत्या, जनगणनेतलं गावाचं नाव, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, आणि जंगलातल्या खुणा. विहीर, देवाचं ठाणं, कोरकूंचे लाकडी मुंडे (मेलेल्यांच्या स्मरणाचे खांब). किमान दोन पुरावे लागतात, पण दोनावर थांबू नये. सामूहिक वनसंसाधनाला (गावानं मिळून राखायचं-वापरायचं जंगल) नमुना ‘क’, 2012 च्या दुरुस्तीनंतर. नकाशावर वनखात्याचा कक्ष क्रमांक घालायचा आणि शेजारच्या गावाची सही शिवेवर आधीच घ्यायची. हे राहिलं की जिल्हा समिती क्षेत्र कापते, आणि कापल्याचं कारण हक्काच्या पट्ट्यावर लिहीत नाही.

गाविलगड उतार
याचं उदाहरण पायविहीर गाव. 2012 ला 192 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क. गावानं चराईबंदी स्वतः ठरवली, उजाड टेकडीवर सीताफळ राखलं, विकलं. 2014 ला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार. कोणी हाकललं नाही.

रानगवा
पायविहीर मान्य. झाला आनंद? पण ती परतवाड्याकडच्या पायथ्याला आहे, गाभ्यात नाही. 192 हेक्टर म्हणजे दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तेवढ्यात वाघीण एक रात्र काढत नाही. सीताफळ खाऊन वाघ जगला की कळवा, फुलं पाठवतो.

गाविलगड उतार
वाघ नाही जगणार. पण जे गाव जंगल राखतं त्याच्या शेजारून तो शांतपणे जाऊ शकतो. असो. गाभ्यातली काही गावं हलवावी लागतील, हे मी नाकारत नाही. आधी दावे निकाली काढा, मग विचारा, एवढंच.

रानगवा
आधी दावे, या क्रमाला माझी हरकत नाही. पण मुदत घाला. वीस वर्षं निकाली निघत नसतील, तर मधल्या काळात बीटवर उभं राहणाऱ्या वनरक्षकानं काय करायचं?

धंतोली चौक
आणि चिखलदऱ्याचा रस्ता?

मोहफूल
उन्हाळ्यात चिखलदऱ्यात टँकर कुठून येतात ते आधी विचारा, मग रस्ता रुंद करा.

पटवारी बे
झुडपीचा वेगळा धागा काढतो. मिसलीत शेरा कसा वाचायचा, टप्प्याटप्प्यानं लिहितो. @धंतोली चौक, तुमचा खसरा नंबर तिथं टाकू नका, लोक पाहत असतात.