विकासाची मदत कार्बनकपातीला बांधावी का? कोमाटीवरून सुचलेलं

पाणवठा (धागा)

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पुमलांगा प्रांतात कोमाटी हे १९६१ पासूनचं, कोळशावर चालणारं औष्णिक वीजकेंद्र होतं. मूळ क्षमता १,००० मेगावॉट. ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याचा शेवटचा संच बंद झाला आणि त्याच आठवड्यात जागतिक बँकेने तिथे सौर, पवन आणि बॅटरी उभारायला ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. यात अनुदान किती, तर १ कोटी. बाकीचं सगळं कर्ज, त्यातलं थोडं सवलतीच्या दराचं.

याला 'मदत' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९९२ च्या हवामान करारात श्रीमंत देशांनी 'नवा आणि अतिरिक्त' पैसा देण्याचं कबूल केलं होतं. अतिरिक्त म्हणजे शाळा, दवाखाने, पाणी यांच्यासाठी जे देत होतात त्याच्या वर. आता तोच विकासाचा पैसा कोळसा बंद करण्याच्या अटीवर मिळणार असेल, तर जुन्याच थैलीवर नवी चिठ्ठी लावल्यासारखं झालं.

माझे वडील विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कंत्राटी कामगार होते, म्हणून हे जास्त लागतं. संच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते, कंत्राटी माणसाचा गेटपास बंद होतो. कोमाटीतही तेच झालं. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने आपली माणसं इतर केंद्रांत सामावून घेतली. कंत्राटदाराकडची माणसं घरी बसली. गावातली दुकानं, खाणावळी त्यांच्याच पगारावर चालायच्या.

विकासाची मदत आणि कार्बनकपात यांचे हिशेब वेगळे ठेवा, असं माझं मत आहे.

राखेचा डोंगर

असहमत. कार्बनकपातीची अट नसलेल्या पैशाचं काय होतं तेही याच देशात दिसलं. एप्रिल २०१० मध्ये याच जागतिक बँकेने एस्कॉमला ३७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यातला बहुतेक पैसा मेदुपी या नव्या, अजस्र कोळसा केंद्रासाठी होता. मेदुपीच्या पैशाला कार्बन कमी करण्याची अट नव्हती. काम वर्षानुवर्षं लांबलं, खर्च कुठल्या कुठे गेला. धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची अट कर्जात होती, तीही रखडली. विकासाच्या नावाने देश पुढच्या कित्येक दशकांसाठी कोळशाला बांधला गेला.

दुसरं म्हणजे, मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की म्पुमलांगाच्या पठारावरची दूषित हवा हा तिथल्या लोकांच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे. तुमच्या वडिलांचा गेटपास मला कळतो. पण चिमणीच्या खाली ज्यांची लेकरं रात्रभर खोकतात ती माणसंही गरीबच आहेत. त्यांच्यासाठी कार्बनकपात हाच विकास आहे. वेगळे हिशेब कसे ठेवणार?

पाणवठा

मेदुपीचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण देशाची ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. २०२३ मध्ये भारनियमनाने कहर केला, दिवसातले आठ-दहा तास वीज नाही असे दिवस आले. वीजमंत्री रामोकगोपा यांनीच कोमाटी बंद करण्याच्या निर्णयावर टीका केली. अंधारात बसलेल्या माणसाला हवेचा हक्क कसा समजावणार?

राखेचा डोंगर

कोमाटीने तो अंधार आणला नाही. बंद झालं तेव्हा तिथे एकच संच चालू होता, सव्वाशे मेगावॉटच्या आसपासचा. भारनियमन २००७-०८ पासूनचं आहे. मोडकळीला आलेली केंद्रं, न झालेली देखभाल आणि भ्रष्टाचार ही त्याची कारणं.

नेकार

मी जर्मनीत कर भरते, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने थोडं.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडायला ८५० कोटी डॉलर देऊ केले. तपशील आल्यावर कळलं की अनुदान जेमतेम ४ टक्के. मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेरच पडली. घेणाऱ्याने दहा-वीस वर्षांचा आराखडा आखायचा आणि देणाऱ्याने एका निवडणुकीनंतर हात काढून घ्यायचा! इथे कोणाशी बोलताना मला याची लाज वाटते.

तरीही मला जोडणी हवी, फक्त उलट्या बाजूने. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन निधीत नॉर्वेने २००८ पासून पैसे घातले ते जंगलतोड घटल्याचं दिसल्यावर. २०१९ मध्ये तो निधी गोठला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. अट आधी लादायची नाही, झालेल्या कामाचे पैसे द्यायचे.

आणि धुळे जिल्ह्यातला साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प बघा. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या पैशातून झाला. वीज आली, धूर नाही.

पाणवठा

साक्रीचा पैसाही कर्जच होता, ताई. सौर पॅनल विजेचं उत्पन्न देतात, त्यातून हप्ते फिटतात. तिथे कर्ज चालेल. पण केंद्र बंद करण्यातून उत्पन्न येत नाही. बेकार झालेल्या माणसाच्या दोन वर्षांच्या पगाराचं कर्ज कोण आणि कशातून फेडणार? माझं सगळं भांडण तिथे आहे. आणि काम झाल्यावर पैसे म्हणाल, तर ते होईपर्यंत कंत्राटी कामगाराने खायचं काय?

एवढं मात्र कबूल करतो की 'हिशेब वेगळे ठेवा' हे मी घाईत लिहिलं. जोडायचं तर जोडा. पण संच बंद करायच्या आधी कंत्राटी कामगारांची यादी करा, आणि त्यांचा पगार अनुदानातून द्या, कर्जातून नको.

राखेचा डोंगर

यादी आणि अनुदान, दोन्ही मान्य. पण बंद करायची तारीख करारात असलीच पाहिजे. यादी अपुरी आहे म्हणून तारीख पुढे ढकलायची, असं सुरू झालं तर मेदुपीच्या गंधकासारखंच तेही रखडेल.

पाणवठा

तारीख ठेवा. यादी अपुरी राहिली तर दंड देणाऱ्या देशांना लावा. कामगाराला नको.