‘रॉ’ला ‘कच्चा फोटो’ म्हणावं का?

(चर्चेत बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने.)

निपाणी : लग्नाच्या ऑर्डरीत गिऱ्हाईक ‘सगळे रॉ फोटो द्या’ म्हणतं, आणि दिले की ‘उघडत नाहीत’ म्हणून फोन येतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी साठवलेली फाईल. गिऱ्हाइकाला पटकन कळेल असा शब्द कोणता? ‘कच्चा फोटो’ चालेल का? आणि त्यावरून जेपेग, म्हणजे कुठेही उघडणारा तयार फोटो, करण्याला काय म्हणायचं?

खानापूर : ‘कच्चा’ची आपल्या भागात मोठी सोय आहे. कन्नडमध्येही कच्च्या मालाला ‘कच्चा वस्तु’ म्हणतात, त्यामुळे दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाला कळतो. पण बाजारात कच्चं बिल म्हणजे पक्कं झालं की फाडायचं. रॉ तर जपून ठेवायची! शिवाय तो अजून फोटोच नसतो. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या एका बिंदूवर लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच गाळणी असते, त्यातही हिरव्या दुप्पट. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून सॉफ्टवेअर काढतं. म्हणून ‘कच्ची फाईल’ म्हणा, ‘कच्चा फोटो’ नको. नुसतं नाव बदलून एनईएफचं (निकॉनच्या रॉ फाईलीच्या नावाचं शेपूट) जेपीजी केलं तर काहीच बदलत नाही. कधी कधी उघडल्यासारखं दिसतं, कारण फाईलच्या आत कॅमेऱ्याने ठेवलेली तयार जेपेग असते आणि काही ॲप तीच दाखवतात.

बेळगाव : करण्याच्या क्रियेला ‘धुणे’ आहे की! रोल धुवायला टाकायचे, तोच शब्द.

चिकोडी : धुणे तितकंसं बसत नाही. रोल एकदाच धुतला जायचा, बिघडला की गेला. रॉवरून कितीदाही काढता येतं, मूळ फाईलला धक्का लागत नाही. म्हणजे हे निगेटिव्हवरून प्रिंट काढण्यासारखं. ‘जेपेग काढणे’ हेच बरोबर, आणि स्टुडिओत तेच बोलतात. डार्कटेबलमध्ये (रॉवर काम करायचं सॉफ्टवेअर) केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाईलीत लिहिले जातात. दुसऱ्या डिस्कवर नेताना ती मागे राहिली तर तिथे रॉ पुन्हा कोरीच उघडते.

खानापूर : लिहिताना ‘रूपांतर’ही चालेल, पण नाटकाच्या अर्थाने. भाषांतर नव्हे, रूपांतर. करणाऱ्याची निवड त्यात येतेच. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, घ्या. आत काळोख, दारातून लख्ख ऊन. १४ बिट रॉमध्ये एका बिंदूला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये एका रंगाला २५६. म्हणून उजेड सांभाळून घेतलेल्या रॉमधून खांबांची नक्षी दोन स्टॉप (म्हणजे चौपट उजळ) वर उचलता येते. तेच जेपेगवर केलं तर सावलीत पट्टे आणि डाग उठतात. मात्र दाराबाहेरचं ऊन सेन्सरवरच पांढरं फटक झालं असेल तर रॉमधूनही परत येत नाही. व्हाइट बॅलन्सचं (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) वेगळं : रॉमध्ये ती नुसती नोंद, मागाहून बदलता येते, जेपेगमध्ये रंगात मुरलेली असते.

निपाणी : आणि काढताना आकडे काय ठेवायचे?

चिकोडी : आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, शेवटी एक्स्पोर्ट. मोबाईलवर पाठवायला लांब बाजू २०४८ पिक्सेल, दर्जा ९०, रंगपट (फोटोत किती रंग बसतात याची ठरलेली चौकट) एसआरजीबी. त्याऐवजी अडोबी आरजीबी हा रंगपट राहिला तर बऱ्याच ॲपमध्ये हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल मळकट दिसतो. फोटो बिघडला असं वाटतं, चूक असते रंगपटाची. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून लहान करतं. अल्बमसाठी मात्र आकार कमी करू नका : १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सीआर३ (कॅननची रॉ फाईल) उघडत नसेल तर अडोबीच्या फुकट कन्व्हर्टरने आधी डीएनजी (अडोबीचा खुला रॉ प्रकार) करून घ्या.

बेळगाव : पटलं, ‘धुणे’ मागे घेतो. मग दरपत्रकात असं लिहा : ‘निवडलेल्या फोटोंच्या जेपेग काढून मिळतील. कच्च्या फाईली हव्या असल्यास आधी सांगावे. त्या मोबाईलवर थेट उघडतीलच असे नाही.’

निपाणी : छान झालं. एकच राहिलं : ‘तो जेपेग’ की ‘ती जेपेग’?

खानापूर : ‘फोटो’ मनात असला की ‘तो’, ‘फाईल’ असली की ‘ती’. दरपत्रकात कच्च्या फाईलीच्या जोडीला येतोय, तेव्हा ‘ती’च ठेवा.